डिलीट दाबूनही सेटअप उघडत नाही: एका कचेरीतल्या संगणकाचं प्रकरण

संगणक एका कर सल्लागाराच्या कचेरीतला, स्थानिक दुकानातून असेंबल करून घेतलेला. इंटेल कोअर आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, २४० जीबीचा साटा एसएसडी आणि जुन्या फायलींसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. टॅली, विवरणपत्रं आणि जीएसटीचं पोर्टल एवढ्या कामासाठी हे यंत्र आजही पुरेसं आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ बसेल का हे पाहायला मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं, तर प्रोसेसर चालतो, पण टीपीएम २.० (गुप्त चाव्या सांभाळणारा सुरक्षा भाग) सापडत नाही आणि सिक्युअर बूटचा (फक्त खात्रीच्या सहीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीचा) आधार नाही, असं उत्तर आलं. आठव्या पिढीचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे, आणि टीपीएमचं काम करणारी इंटेलची पीटीटी ही सोय या बोर्डातच आहे. ती फक्त बंद आहे. म्हणजे कामाचं स्वरूप सोपं: बायोस सेटअपमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर जायचं, दोन सेटिंग बदलायची, बाहेर यायचं.

आत जाताच येईना. सुरू करताना डिलीट दाबलं, एफ२ दाबलं, एफ१०, एफ१२, एस्केप, सगळं झालं. दर वेळी विंडोजचं निळं चिन्ह समोर. बोर्डच बदला, असा सल्लाही एव्हाना मिळाला होता. आणखी एक बारीकशी तक्रार होती, जिच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं: सकाळी घड्याळ कधीकधी मागे पडलेलं असायचं, इंटरनेट जोडलं की आपोआप बरोबर व्हायचं. हीच गोष्ट पुढे महागात पडणार होती.

आधी विंडोजच्या आतून

बटणांशी झगडण्याआधी विंडोजलाच सांगून पाहावं. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्टवर क्लिक केलं की निळ्या पडद्यावर पर्याय येतात. त्यांत ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथे यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. ते निवडून रीस्टार्ट केलं की यंत्र थेट सेटअपमध्ये उघडतं; कोणतंही बटण वेळेवर दाबावं लागत नाही. हेच काम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून ‘शटडाउन /आर /एफडब्ल्यू /टी ०’ हा हुकूम रोमन अक्षरांत टाइप करूनही होतं. यामागची युक्ती साधी आहे. बोर्डाच्या फ्लॅश चिपमध्ये एक छोटी नोंद असते. विंडोज तिथे ‘पुढच्या वेळी सेटअप दाखव’ अशी खूण करून ठेवतं आणि फर्मवेअर, म्हणजे बोर्डातलं कायमचं सॉफ्टवेअर (बायोस), सुरू होताना ती खूण वाचतं. लिनक्समध्येही ‘सिस्टिमसीटीएल रीबूट’ या हुकमाला ‘फर्मवेअर-सेटअप’ हा पर्याय जोडला की तीच खूण होते.

या संगणकावर मात्र यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज हा पर्याय यादीत नव्हताच. कारण शोधायला विंडोजच्या रन खिडकीत एमएसइन्फो३२ टाइप करून सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं. बायोस मोड या ओळीपुढे लेगसी असं लिहिलं होतं. बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचाच होता, पण विंडोज १० जुन्या, म्हणजे लेगसी पद्धतीने, एमबीआर या विभागांच्या जुन्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेलं होतं. या पद्धतीत सुरू झालेल्या विंडोजला ती नोंद करण्याची वाटच मिळत नाही, म्हणून पर्याय दिसत नाही. पर्याय नाही याचा अर्थ बोर्डात सोय नाही असा अनेकजण घेतात आणि तिथेच थांबतात. पण हा प्रश्न सुरू होण्याच्या पद्धतीचा आहे.

इथे एक मोह होतो. डिस्कची मांडणी विंडोजच्या आतूनच बदलता येते, त्यासाठी एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोज १० मध्ये १७०३ या आवृत्तीपासून दिलेलं आहे. मग आधी डिस्क बदलू, बायोसचं नंतर बघू, असं वाटतं. हे करू नये. डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची झाली आणि बोर्ड लेगसीवरच राहिला, तर विंडोज उघडणार नाही आणि सेटअपमध्येही जाता येणार नाही. सेटअपचं दार दोनदा उघडून दाखवल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता.

बटण ऐकलं का जात नाही

वीज आली की फर्मवेअर स्वतःची तपासणी करतं, याला पोस्ट म्हणतात. त्यातल्या एका ठरावीक टप्प्यात ते विचारतं: सेटअपचं बटण दाबलेलं आहे का? त्या क्षणी तीन गोष्टी जागेवर लागतात. कीबोर्ड जागा हवा, बटण योग्य हवं, आणि संगणक खरोखर नव्याने सुरू होत असावा. पडदा दिसणं ही चौथी गोष्ट, तिच्यामुळे आत जाणं अडत नाही, फक्त गोंधळ वाढतो.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करू, कारण तो सर्वांत गैरसमजाचा आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. यामुळे पोस्ट वगळली जात नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. फक्त पोस्टनंतरचा वेळ कमी होतो. पण नव्या यंत्रांत पोस्ट आणि विंडोजची सुरुवात दोन्ही इतक्या झटपट होऊ लागल्या की विंडोज ८ च्या वेळी मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं की एफ२ किंवा एफ८ ओळखायला काही यंत्रांवर २०० मिलिसेकंदांहूनही कमी वेळ उरतो. एवढ्या वेळात माणसाचं बोट नेमकं पडेल याची खात्री नाही.

म्हणून प्रयत्न करताना शट डाउन करून पुन्हा चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करावं. रीस्टार्टमध्ये गोठवण्याचा प्रकार होत नाही. शिवाय दोन फायदे आहेत ज्यांचा उल्लेख क्वचित होतो: यूएसबी पोर्टची वीज बहुतेक वेळा चालूच राहते, म्हणून कीबोर्डचा डोंगल (यूएसबीत लावायचा रिसीव्हर) झोपत नाही, आणि मॉनिटर आधीच जागा असल्याने पहिला पडदा दिसण्याची शक्यता वाढते. बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शट डाउनवर क्लिक करावं, म्हणजे विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं.

या संगणकावर रीस्टार्ट करूनही फरक पडला नाही. मग राहिला कीबोर्ड.

कचेरीत वायरलेस कीबोर्ड-माउसची जोडी होती आणि तिचा डोंगल कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये होता. शेजारी डिजिटल सहीचं टोकन. मागे प्रिंटर, एक पेन ड्राइव्ह आणि बॅकअपची बाहेरची डिस्क. यूएसबी कीबोर्ड लावला की लगेच चालतो असं आपल्याला वाटतं, कारण विंडोजमध्ये तो तसाच चालतो. पोस्टमध्ये मात्र फर्मवेअरला आधी यूएसबी कंट्रोलर उठवावा लागतो, मग एकेक पोर्ट तपासून तिथे काय जोडलंय हे विचारावं लागतं, आणि त्यात कीबोर्ड सापडल्यावरच त्याचं ऐकता येतं. जेवढी उपकरणं जास्त तेवढा वेळ जास्त. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये फास्ट बूट चालू केलं असेल, तर फर्मवेअर हीच तपासणी कापतं. काही बोर्डांवर यूएसबीसाठी वेगळा पर्याय असतो: पूर्ण, अर्धवट किंवा अजिबात नाही. अर्धवट ठेवलं असेल तर काही उपकरणं विंडोज उघडेपर्यंत मेलेलीच राहतात.

वायरलेस कीबोर्डची आणखी एक अडचण आहे. बॅटरी वाचवायला तो झोपतो, आणि पहिलं बटण त्याला उठवण्यातच खर्च होतं. ब्लूटूथ कीबोर्ड असेल तर आशाच सोडावी, कारण ब्लूटूथची जोडणी साधारणपणे विंडोज उघडल्यावरच होते. महागड्या गेमिंग कीबोर्डांचंही असंच होऊ शकतं. त्यांना स्वतःचा प्रोसेसर असतो आणि दिव्यांची रांग पेटेपर्यंत पोस्ट संपलेली असते. काही मॉडेलांवर यासाठी बायोस असं लिहिलेली वेगळी कळही दिलेली असते.

कीबोर्ड जागा आहे का, हे तपासायची सोपी खूण म्हणजे नमलॉकचा दिवा. पोस्टच्या काळात नमलॉक दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर फर्मवेअर कीबोर्ड ऐकतंय. दिवा मेल्यासारखा असेल तर तुम्ही कितीही वेगाने डिलीट दाबा, ते कोणापर्यंत पोचत नाही. इथल्या वायरलेस कीबोर्डला दिवाच नव्हता, त्यामुळे ही चाचणी करायला वायरचा कीबोर्ड लागणारच होता.

निळ्या पोर्टमध्ये कीबोर्ड लावू नका, काळ्यात लावा, हा सल्ला बराच फिरतो. २०१२ च्या आसपासच्या बोर्डांसाठी तो बरोबर होता, कारण तेव्हा यूएसबी ३ चा कंट्रोलर अनेकदा वेगळ्या चिपवर असायचा आणि पोस्टमध्ये उठत नसे. एच३१० सारख्या नंतरच्या चिपसेटमध्ये दोन्ही प्रकारचे पोर्ट एकाच कंट्रोलरवर असतात, रंगाने फारसं बिघडत नाही. तरीही पाठीमागचा पोर्ट निवडावा. पुढचा पोर्ट कॅबिनेटमधल्या लांब वायरीतून येतो, आणि ती वायर सैल असणं ही असेंबल यंत्रांतली नेहमीची गोष्ट आहे.

दार उघडलं ते असं

एच३१० च्या बहुतेक बोर्डांवर मागे एक गोल पीएस/२ पोर्ट असतो, अर्धा हिरवा अर्धा जांभळा. जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड त्यात लावला की यूएसबीची भानगडच संपते. तो कंट्रोलर साधा आहे आणि फर्मवेअर त्याला लवकर उठवतं. असा कीबोर्ड कचेरीच्या माळ्यावर किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे हमखास मिळतो. दहा मिनिटांसाठी उसना आणला तरी पुरे. एक पथ्य: पीएस/२ कीबोर्ड चालू यंत्रात लावायचा नाही, तसा तो ओळखला जात नाही आणि पोर्टलाही धोका असतो.

क्रम असा ठेवला. टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतली. मग शिफ्टसह शट डाउन. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, त्याच्या मागचं बटण बंद, भिंतीवरचं बटण बंद. कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. डोंगल, टोकन, प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क सगळं काढलं. फक्त मॉनिटर आणि पीएस/२ कीबोर्ड. वीज चालू, पॉवर बटण, आणि पंखा फिरायला लागल्यापासून डिलीट, सेकंदाला दोन-तीन वेळा, पडदा येईपर्यंत न थांबता.

दाबून धरून ठेवू नये. काही यंत्रं सुरुवातीपासून दाबलेलं बटण अडकलं आहे असं समजतात आणि कीबोर्डची चूक म्हणून थांबतात. याला अपवाद आहेत: असूसच्या लॅपटॉपवर एफ२ धरून ठेवून मग पॉवर दाबायला कंपनीच सांगते. पण डेस्कटॉपवर टकटक करणंच बरं.

पहिल्याच खेपेला सेटअप उघडला. तरी काम तिथे संपलं नव्हतं, कारण कीबोर्ड बदलला, उपकरणं काढली आणि वीज पूर्ण तोडली असे तीन बदल एकदम केले होते. कारण नक्की कोणतं हे कळायला एकेक परत लावून पाहिलं. यूएसबीचा वायरवाला कीबोर्ड मागच्या पोर्टमध्ये: आत जाता आलं. उपकरणं परत लावली: तरीही आत जाता आलं. वायरलेस डोंगल मागच्या पोर्टमध्ये: नाही. म्हणजे दोष डोंगलचा आणि त्याला न उठवणाऱ्या फास्ट बूटचा. सेटअपमध्ये पाहिलं तर फास्ट बूट खरोखर चालू होतं आणि यूएसबी अर्धवट उठवण्यावर होतं. फास्ट बूट बंद केलं, सेव्ह केलं, आणि आता वायरलेस कीबोर्डनेही डिलीट चाललं. सुरू व्हायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, एवढाच तोटा. कचेरीच्या यंत्रावर फास्ट बूट चालू ठेवण्याचं काहीही कारण नाही.

अल्ट्रा फास्ट हा त्याचा मोठा भाऊ. काही बोर्डांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की तो चालू केला की बटण दाबून सेटअपमध्ये जाता येणार नाही. विंडोजमधूनच जावं लागेल किंवा सीमॉस, म्हणजे सेटिंग ठेवणारी बोर्डावरची स्मृती, साफ करावं लागेल. पुस्तिका न वाचता तो निवडणारे पुष्कळ आहेत.

पडद्याबद्दल थोडं. मॉनिटर उशिरा जागा झाला तरी सेटअपमध्ये गेल्यावर तो तिथेच थांबून राहतो, त्यामुळे शांतपणे पाच-सात सेकंद वाट पाहावी. दोन मॉनिटर असतील तर सेटअप कधीकधी दुसऱ्यावर उघडतो, आणि तो बंद असला की यंत्र अडकलं असं वाटतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डात आहे की बोर्डात, हे आधी बघावं.

आत काय बदललं, कोणत्या क्रमाने

कोणतंही सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. हे टाळू नये. विशेषतः साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, या ओळीचा: ती एएचसीआय असेल तर एएचसीआयच राहू द्यावी. तिथे चुकून बदल झाला तर विंडोज सुरू होताना बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून निळा पडदा येतो, आणि लोकांना वाटतं डिस्कच गेली.

पहिला बदल पीटीटीचा. हे सेटिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. असूसच्या बोर्डावर ॲडव्हान्स्डमध्ये पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन. एमएसआयवर सिक्युरिटीत ट्रस्टेड कॉम्प्युटिंगखाली सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट. एएसरॉकवर सिक्युरिटीच्या पानावर इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी याच नावाने. एएमडीच्या प्रोसेसरवर त्याला एफटीपीएम म्हणतात. चालू करून एफ१० ने सेव्ह केलं आणि विंडोजमध्ये टीपीएम डॉट एमएससी उघडून पाहिलं: स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०. लेगसी पद्धतीतही एवढं दिसतं, त्यामुळे हा टप्पा वेगळा तपासता येतो.

मग डिस्क. दोन डिस्क असलेल्या यंत्रात विंडोजची डिस्क कितव्या क्रमांकाची हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहून घ्यावं, शून्यच असेल असं धरू नये. इथे एसएसडी शून्य होता. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये एमबीआर२जीपीटीला आधी फक्त व्हॅलिडेट करायला सांगितलं. चालू विंडोजमधून करायचं तर अलाऊफुलओएस हा पर्याय जोडावा लागतो. यात काही बदलत नाही, फक्त तपासणी होते. तपासणी पास व्हायला त्या डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी विभाग असावे लागतात आणि एक्स्टेंडेड विभाग चालत नाही. आपल्याकडच्या असेंबल यंत्रांत नेमकी इथेच अडचण येते. एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ पाडायची सवय, आणि चौथा विभाग पाडला की विंडोज स्वतःच एक्स्टेंडेड करून त्यात तो टाकतं. तसं असेल तर त्या एक्स्टेंडेड विभागातला डेटा हलवून तो विभाग काढावा लागतो. या एसएसडीवर सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि रिकव्हरी असे तीनच विभाग होते, त्यामुळे तपासणी पास झाली. मग व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. काम मिनिटभरात झालं. १ टीबीची दुसरी डिस्क एमबीआरच ठेवली, तिच्यावरून विंडोज सुरू होत नसल्याने काही बिघडत नाही.

लगेच रीस्टार्ट, डिलीट, आणि बूटच्या पानावर सीएसएम बंद. जुन्या पद्धतीला आधार देणारा हाच तो भाग. सेव्ह केलं, विंडोज उघडलं, एमएसइन्फो३२ मध्ये बायोस मोडपुढे यूईएफआय. आता शिफ्ट-रीस्टार्टच्या यादीतही यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज हा पर्याय आला. म्हणजे पुढच्या वेळी बटणांची गरजच नाही.

सिक्युअर बूट चालू करताना बोर्डाने तक्रार केली की यंत्र सेटअप मोडमध्ये आहे. याचा अर्थ सही तपासायच्या चाव्या भरलेल्या नाहीत. सिक्युअर बूटच्याच पानावर फॅक्टरी कीज परत बसवण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यावर चालू करता आलं. विंडोज ११ ला सिक्युअर बूटची क्षमता लागते, ते चालू असलंच पाहिजे अशी अट नाही, पण चालू ठेवणं चांगलं. पीसी हेल्थ चेकने आता होकार दिला आणि अपग्रेड नेहमीसारखं पार पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी

संगणक सुरू केला तर काळ्या पडद्यावर योग्य बूट डिव्हाइस निवडा, असा इंग्रजी संदेश. विंडोज गायब.

घड्याळ मागे पडण्याची ती जुनी तक्रार इथे उघड झाली. बोर्डावर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल असतो. १९८४ च्या आयबीएम एटी संगणकात घड्याळ आणि ६४ बाइटची स्मृती एकाच चिपमध्ये आली, तिला वीज नसताना जिवंत ठेवायला बॅटरी लागली, आणि ती पद्धत आजवर चालत आली आहे. आजच्या बोर्डांत बरीच सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतात, पण सीमॉसमधला मजकूर बिघडलेला दिसला की अनेक बोर्ड सगळंच मूळ सेटिंगवर नेतात. तसंच झालं होतं. सीएसएम पुन्हा चालू, लेगसी पुन्हा पहिली, आणि डिस्क मात्र जीपीटी झालेली. आधी वर्षभर हाच सेल अधूनमधून मान टाकत असणार. पण तेव्हा मूळ सेटिंग आणि चालू सेटिंग यांत विंडोज अडेल असा फरक नव्हता, म्हणून फक्त घड्याळ मागे पडताना दिसायचं.

सेल काढून मल्टिमीटरवर २० व्होल्ट डीसीला मोजला: २.४. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.८ च्या खाली आला की बदलावा. सहा-सात वर्षांत सेल संपणं नवल नाही, पण आपल्याकडे तो लवकरही संपतो, आणि त्याचं कारण आपल्या चांगल्या सवयीत आहे. यंत्र बंद असलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर एसएमपीएस बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद करून घरी जाणाऱ्या कचेरीत रात्रभर आणि रविवारभर घड्याळ सेलवरच चालतं. बटण बंद करणं सुरक्षेसाठी योग्यच आहे. फक्त सेल चार-पाच वर्षांनी बदलायचा हिशेब ठेवावा.

सेल बदलायला वीज पूर्ण तोडायची, बाजूची खिटी नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने हळूच मागे सारायची, सेल उसळून येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, खिटीजवळच्या बारीक रेषा ओरखडल्या की बोर्डच जातो.

नवा सेल बसवून सुरू केल्यावर यंत्र स्वतःच थांबलं आणि सेटअपसाठी एफ१ दाबा म्हणालं. मूळ सेटिंगवर गेलेला बोर्ड बहुधा असंच करतो, आणि त्या वेळी फास्ट बूटही सहसा आड येत नाही. दार कशानेच उघडत नसेल तेव्हा मुद्दाम सीमॉस साफ करण्याचा उपाय याच्याच बळावर चालतो. वीज तोडून बोर्डावरच्या सीएलआर सीमॉस, सीएलआरटीसी किंवा जेबीएटी१ असं लिहिलेल्या पिना पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे पाच-दहा सेकंद जोडायच्या. पण तो शेवटचा उपाय. जीपीटी-लेगसीची वर सांगितलेली अडचण त्यातून येऊ शकते, आणि डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं एन्क्रिप्शन (कुलूप) असेल तर टीपीएम बंद दिसताच विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या यंत्रांवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळतही चालू झालेलं असू शकतं. सेटअपमध्ये काहीही बदलण्याआधी ते तपासून की कागदावर उतरवून घ्यावी, आणि बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करावं.

इथे फोटो होतेच. तारीख-वेळ, पीटीटी, सीएसएम बंद, सिक्युअर बूट, फास्ट बूट बंद, सगळं पाहून परत लावलं आणि विंडोज उघडलं. मग भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवून सकाळी पुन्हा तपासलं. घड्याळ बरोबर, सेटिंग जागेवर.

लॅपटॉप असता तर

पीएस/२ नसतं, पण आतला कीबोर्ड नेहमी जागा असतो, त्यामुळे अडचण बटणाची असते. डेलवर एफ२, आणि एकदाच वेगळ्या डिस्कवरून सुरू करायला एफ१२. एचपीवर आधी एस्केप, मग एफ१०. थिंकपॅडवर एफ१. लेनोवोच्या आयडियापॅडवर एफ२, आणि अनेक मॉडेलांवर कडेला टाचणीने दाबायचं नोव्हो नावाचं छोटं बटण असतं, ते बंद यंत्रावर दाबलं की यादीच येते. एसरवर एफ२, त्याचं एफ१२ सेटअपमधून चालू केल्याशिवाय काम करत नाही. मायक्रोसॉफ्ट सरफेसवर आवाज वाढवायचं बटण धरून पॉवर. वरच्या रांगेतली बटणं आवाज-उजेडासाठी लावलेली असतील तर एफ२ म्हणजे एफएन धरून एफ२, हे विसरल्यामुळे निम्मे लोक अडकतात. आणि लॅपटॉपवर बायोसचा पासवर्ड असेल तर सेल काढून तो जात नाही, कारण तो बहुधा वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. तिथे खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जावं लागतं.

या डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: सेटअप – डिलीट; फास्ट बूट बंद ठेवणे; सीएसएम बंद, पीटीटी चालू, साटा एएचसीआय; सीआर२०३२ बदलल्याची तारीख. गोल पिनेचा कीबोर्ड माळ्यावर परत न टाकता टेबलाच्या खणात ठेवला आहे.